विजेची पेटी घेण्यापूर्वीं

(नभोवाणीवरील भाषण)



घरांत एखादें वाद्य असावें ही हौस आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत जुनी आहे. मागच्या पिढीनें ती हातपेटी घेऊन पुरविली. आजची पिढी विजेवर चालणारी लहानशी पेटी घेऊन ती पुरवूं पाहते. ह्या पेटीला कोणी कीबोर्ड म्हणतात, कोणी सिंथेसायझर म्हणतात. आणि आमच्या म्हसळ्याकडे तर ती कोणत्याहि कंपनीची असो, तिला सर्रास ‘कॅसिओ’ म्हणतात. आमच्या तालुक्यांतील कित्येक घरांचा एक पाय मुंबईंत किंवा आखाती देशांत असतो. तिकडून सुटीवर येणाऱ्या माणसांच्या सामानांतून हीं वाद्यें आमच्याकडे येऊं लागलीं, आणि त्यांच्या अंगावर जें नांव छापलेलें होतें तेंच त्या सबंध जातीचें नांव होऊन बसलें.

पेन्शन घेतलेल्या शाळामास्तराकडे लोक सहसा दोन कामांसाठीं येतात. एक, अर्ज लिहून घेण्यासाठीं. आणि दुसरें, मुलांसाठीं काय घ्यावें हें विचारण्यासाठीं. ‘मास्तर, पोरीला कॅसिओ घ्यायचा आहे, कोणता घेऊं?’ हा प्रश्न मला आतां वर्षांतून पांच-दहा वेळां तरी ऐकावयास मिळतो. गणपतीच्या अगोदर तर हटकून मिळतो. एखाद्या नमुन्याचें नांव सांगून मोकळें होणें सोपें आहे. परंतु नमुने दर दोन-तीन वर्षांनीं बदलतात, किंमती तर त्याहूनहि लवकर बदलतात. म्हणून आज मी नांव न सांगतां पारख सांगणार आहें. तिचें सार प्रथमच एका वाक्यांत सांगून ठेवतों: आपल्या घरांत जें गाणें होतें, त्याच्या मागें चालणारी पेटी घ्यावी, गाणाराला आपल्या मागें ओढणारी घेऊं नये.

हा विचार नवा नाहीं. ज्या हातपेटीला आपण आज अस्सल देशी समजतों, तिच्यावर एके काळीं हाच आक्षेप आला होता. हार्मोनियम हें मूळचें युरोपांतील वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फ्रान्समध्यें तें आकारास आलें. तेथें तें खुर्चीवर बसून, पायांनीं भाता हालवून वाजवीत. आपली बैठक जमिनीवरची. म्हणून कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष ह्यांनीं त्या शतकाच्या अखेरच्या चरणांत त्याला एका हातानें भाता मारतां येईल असें रूप दिलें. महाराष्ट्रांत संगीत नाटकांच्या वाऱ्याबरोबर पेटी घरोघर गेली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) ह्यांच्यासारख्या कलावंतानें साथीच्या पंक्तींत बसलेल्या ह्या वाद्याला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच.

आणि तरीहि १ मार्च १९४० पासून ह्याच नभोवाणीनें हार्मोनियमला आपल्या केंद्रांतून हद्दपार केलें! दिल्ली केंद्रांत पाश्चात्य संगीताचें काम पाहणारे जॉन फूल्ड्स ह्यांनीं १९३८ सालीं पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथ ठाकुरांनाहि पेटी मान्य नव्हती. आक्षेप मुख्यतः दोन: पेटीचे स्वर कायमचे ठरलेले, त्यामुळें आपल्या संगीतांतील सूक्ष्म श्रुति तिच्यांतून निघत नाहींत, आणि एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणारी मींड तिला साधत नाहीं. ही बंदी थेट १९७१ पर्यंत टिकली, आणि तेव्हां उठली तीहि एकदम पूर्ण उठली नाहीं.

तीस वर्षें पेटी नभोवाणीबाहेर राहिली. पण देवळांतून, शाळांतून आणि घरांतून ती कोणी बाहेर काढली नाहीं. दोन्ही आक्षेप शास्त्रतः खरे होते, तरी लोकांनीं पेटी ठेवली. कारण ज्याला तंबोरा जुळवितां येत नाहीं अशा साध्या माणसालाहि तिनें सुराचा आधार दिला. चांगला पेटीवाला मींड काढूं शकत नाहीं हें खरें. परंतु गवयाची मींड चालूं असतां कोठें थांबावें आणि कोठें हलकें व्हावें, हें तो जाणतो. गाणाराच्या अर्धें पाऊल मागें राहून तो चालतो. वाद्यांत उणीव असली तरी वाजविणाराच्या विवेकानें ती झांकली जाते. हा विवेक विजेच्या पेटीलाहि तितकाच लागू आहे.

विजेच्या पेटीशीं आपल्या कानांची ओळख आपण समजतों त्याहून जुनी आहे. १९५४ सालच्या ‘नागिन’ ह्या हिंदी बोलपटांतील पुंगीचे सूर ज्यांनीं ऐकले नाहींत असें घर विरळा. ती पुंगी नव्हती. फ्रान्समध्यें कॉन्स्टंट मार्टिन ह्यांनीं १९४७ सालीं तयार केलेलें क्लॅव्हिओलिन नांवाचें विजेचें वाद्य कल्याणजी वीरजी शहा ह्यांनीं वाजविलें होतें, आणि त्याच्या जोडीला रवि ह्यांची हार्मोनियम होती. संगीत हेमंतकुमार ह्यांचें. क्लॅव्हिओलिन हें एका वेळीं एकच स्वर देणारें, उचलून नेण्याजोगें लहानसें वाद्य. त्यांत शेंकडों आवाज नव्हते, आपोआप वाजणारा ठेका नव्हता. एकच आवाज नेमका निवडला आणि तो जाणत्या हातांनीं वांकविला, एवढ्यावर सारा देश डोलला.

पुढें अमेरिकेंत रॉबर्ट मूग ह्यांनीं १९६४ सालीं आपला सिंथेसायझर लोकांपुढें मांडला, आणि १९७० मध्यें त्याचें आटोपशीर रूप, मिनिमूग, बाजारांत आलें. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत तें आणण्याचें श्रेय केर्सी लॉर्ड ह्यांना देतात. मुंबईचेच चरणजित सिंग ह्यांनीं १९८० नंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतच अशा जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. तेव्हां ती फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं, आणि पंचवीस-तीस वर्षांनीं परदेशांतील रसिकांनीं तिचें कौतुक केलें. गणकयंत्रें करणाऱ्या कॅसिओ ह्या जपानी कंपनीनें १९८० सालीं आपली ४९ स्वरपट्ट्यांची पहिली पेटी काढली, आणि तेव्हांपासून हें वाद्य ध्वनिमुद्रणगृहांतून निघून मध्यमवर्गीयांच्या बैठकीच्या खोलींत आलें.

आतां दुकानाकडे वळूं. दुकानांत दोन जातींच्या पेट्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात, आणि विकणाराहि पुष्कळदां दोहोंना एकाच नांवानें हांक मारतो. पहिल्या जातींत कारखान्यांतच ध्वनिमुद्रित करून ठेवलेले आवाज असतात: पियानो, सनई, सतार, बांसरी. बटन दाबलें कीं तो आवाज येतो. तो बदलण्याची सोय फारशी नसते. घरगुती कीबोर्ड तो हाच. दुसऱ्या जातींत आवाज आपण घडवावयाचा असतो, आणि खरा सिंथेसायझर तो हाच.

आवाज घडविणें म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. तंबोऱ्याची तार छेडली कीं स्वर एकदम उठतो आणि हळूहळू विरत जातो. बांसरींत तो जरा सावकाश उठतो, फुंक आहे तोंवर टिकतो आणि फुंक थांबतांच संपतो. म्हणजे स्वराला उठाव आहे, पहिल्या झटक्यानंतरचा उतार आहे, ठेहराव आहे आणि विराम आहे. सिंथेसायझरवर ह्या चारहि अवस्था कळ फिरवून कमीजास्त करतां येतात. तसेंच स्वर तीक्ष्ण ठेवावा कीं त्याची धार गाळून तो मऊ करावा, हेंहि आपल्या हातीं असतें. ज्या तरुणाला ध्वनीचें कुतूहल आहे त्याला ही पेटी एखाद्या प्रयोगशाळेसारखी आहे. परंतु ज्या घरांत फक्त आरती, भावगीत आणि मुलांचा सराव व्हावयाचा, तेथें ती बहुधा कपाटावर जाऊन बसते. तशांत ह्या जातीच्या कांहीं पेट्यांना स्वतःचा कर्णाच नसतो. २००२ सालीं निघालेली कॉर्ग कंपनीची मायक्रोकॉर्ग ही पेटी फार नांवाजली. तिला ३७ लहान स्वरपट्ट्या होत्या, ती सेलवर चाले, पण आवाज ऐकावयाचा तर निराळें ध्वनिवर्धक जोडावें लागे. ‘लहान आणि सुटसुटीत’ ह्या शब्दांवर भुलून जाणारानें हें आधीं विचारून घ्यावें.

दुकानांत पहिली परीक्षा बोटांची. खिशांत एक फुटपट्टी न्यावी. षड्जापासून निषादापर्यंतच्या सात पांढऱ्या स्वरपट्ट्यांची रुंदी मोजावी. पूर्ण मापाच्या पेटींत ती सुमारें साडेसोळा सेंटीमीटर भरते; लहान मापाच्या पेटींत दोन ते चार सेंटीमीटर कमी असते. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांना लहान माप सोयीचें पडतें. पण मूल वाढतें आणि पेटी वाढत नाहीं. लहान मापावर बसलेला हात पुढें मोठ्या पेटीवर अडखळतो. स्वरपट्ट्यांची संख्या ही निराळी बाब आहे. ३७ स्वरपट्ट्या म्हणजे तीन सप्तकें आणि वरचा एक षड्ज. आपल्या गायनाच्या साथीला एवढें पुरतें. हातपेटीलाहि बहुधा तीन ते साडेतीनच सप्तकें असतात. दोन्ही हातांनीं पाश्चात्य पद्धतीचें वादन शिकावयाचें असेल तर मात्र ६१ स्वरपट्ट्यांची, म्हणजे पांच सप्तकांची पेटी घ्यावी.

दुसरी परीक्षा दमाची. ऑर्गनचा किंवा हार्मोनियमचा आवाज निवडून एक स्वरपट्टी दाबून धरावी आणि मनांत तीस अंक मोजावे. पियानोचा स्वर विरतो, तो त्याचा धर्मच आहे. परंतु ऑर्गनचा स्वरहि जर दहा अंकांच्या आंत मान टाकीत असेल, तर ती पेटी गाण्याच्या साथीला निरुपयोगी समजावी. ह्याबरोबरच दुसरी एक गोष्ट पाहावी. हातपेटींत डावा हात भात्यावर असतो. तो तिचा श्वास आहे. भाता हलका मारला कीं स्वर मंदावतो, जोरानें मारला कीं फुलतो. स्वस्त विजेच्या पेटींत हा श्वास नसतो. बोट हळू ठेवा कीं आपटा, आवाज सारखाच. कांहीं पेट्यांत बोटाच्या जोरानुसार आवाज कमीअधिक होतो. थोडे पैसे अधिक देण्यासारखी जर कोणती एक सोय असेल तर ती ही. आवाजांची संख्या ४०० वरून ६०० झाली म्हणून एक पैसाहि अधिक देण्याचें कारण नाहीं.

तिसरी परीक्षा पट्टीची, आणि माझ्या मतें ही सर्वांत महत्त्वाची. पुरुषांचा गळा साधारणतः पांढरी एक ते काळी दोन ह्या पट्ट्यांत मोकळा चालतो. स्त्रियांचा काळी तीन ते काळी पांच ह्यांच्या आसपास. एकाच घरांतील भाऊ काळी एकमध्यें आणि बहीण काळी चारमध्यें गात असेल, तर मध्यें सात अर्धस्वरांचें अंतर पडतें. मीं कित्येक शाळांच्या प्रार्थना ऐकल्या आहेत. वाजविणाराची बोटें जेथें सहज बसतात तेथून पेटी सुरू होते, आणि तेरा-चौदा वर्षांचीं, आवाज फुटूं लागलेलीं मुलें वरचा स्वर गांठतां गांठतां गप्प होतात. मग ‘ह्या पोराला गळाच नाहीं’ असा शिक्का त्याच्यावर बसतो, आणि तो बहुधा जन्मभर पुसला जात नाहीं. पेटीनें धरलेल्या पट्टीचा दोष पोराच्या गळ्याला लागतो! विजेच्या पेटींत एक बटन दाबून सबंध पट्टी खालींवर सरकवितां येते. हातपेटींत हीच सोय हवी असेल तर सरकत्या पट्ट्यांची, बरीच महाग पेटी घ्यावी लागते. ह्या एका गुणासाठीं मी विजेच्या पेटीचें मनापासून स्वागत करतों. दुकानांत हें बटन सहज हातीं लागतें कीं दोन-तीन बटनांच्या आड दडविलें आहे, आणि पेटी बंद करून पुन्हां सुरू केल्यावर आपली पट्टी तिच्या ध्यानांत राहते कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. शिकणाऱ्या मुलानें मात्र ह्या बटनावर सर्वस्वीं विसंबूं नये. दोन-तीन पट्ट्यांतून हातानें वाजविण्याचा सराव ठेवावा.

पट्टीबरोबरच सूक्ष्म मिलाफाची सोय आहे कीं नाहीं तेंहि विचारावें. नवीन पेट्यांत मध्य सप्तकांतील पांढरी सहा ही सेकंदाला ४४० कंपनांवर बांधलेली असते. घरांतील जुनी हातपेटी त्याहून किंचित् चढी किंवा उतरलेली असली, तर दोन्ही एकत्र वाजतांना कानाला टोंचतात. थोडें वरखालीं करण्याची कळ असेल तर आजोबांची पेटी आणि नातीची पेटी एकत्र नांदूं शकतात.

आतां श्रुतींचा प्रश्न. १९४० सालीं नभोवाणीनें जो आक्षेप घेतला तो ह्या पेटीलाहि लागू आहे, म्हणून तो थोडा समजून घेऊं. एका सप्तकाचे १२०० सारखे भाग कल्पिले तर पेटींतील बारा स्वर शंभर-शंभर भागांवर काटेकोर बसविलेले असतात. ह्या हिशेबानें पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर येतो. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो सुमारें ३८६ वर असतो. म्हणजे पेटीचा गंधार चौदा भागांनीं चढा. शुद्ध धैवत सुमारें सोळा आणि शुद्ध निषाद सुमारें बारा भागांनीं चढा. पंचम मात्र अवघ्या दोन भागांनीं उतरलेला. तो कोणाला कळतहि नाहीं. ज्याला पाहावयाचें असेल त्यानें चांगला जुळलेला तंबोरा झंकारत ठेवावा आणि त्यावर पेटीचा गंधार हलकेच धरावा. स्वरांत एक सूक्ष्म थरथर ऐकूं येईल.

ही उणीव भरून काढण्याचे यत्न आपल्याकडे जुने आहेत. गेल्या शतकाच्या आरंभीं सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायखात्यांतील अधिकारी ई. क्लेमंट्स ह्यांनीं श्रुतींच्या पेटीचा प्रयोग केला. आपल्या काळांत डॉ. विद्याधर ओक ह्यांनीं बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली आहे. विजेच्या पेट्यांपैकीं कांहीं मोठ्या नमुन्यांत बारांपैकीं प्रत्येक स्वर स्वतंत्रपणें किंचित् खालींवर करतां येतो. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्याच्या घरीं ही सोय असलेली पेटी घेणें शहाणपणाचें. तसेंच डाव्या बाजूला स्वर वांकविण्याचें चाक असेल तर मींडेची थोडी छाया तरी काढतां येते. भात्याच्या पेटीला जें कधींच जमलें नाहीं तें ह्या चाकानें अंशतः साधतें. परंतु अगदीं लहान, स्वस्त पेट्यांत ह्या दोन्ही गोष्टी बहुधा नसतात, आणि आरती-भजनाच्या घराला त्यांवांचून अडतहि नाहीं. मुलाचा कान तयार व्हावा म्हणून मात्र रोज पांच मिनिटें पेटी बंद करून तंबोऱ्याच्या सुरावर गावयास लावावें. आज तंबोऱ्याचा नाद देणारीं लहान यंत्रें सहज मिळतात.

आतां ज्या गोष्टीविषयीं मला थोडी काळजी वाटते तिच्याकडे येतों. ती म्हणजे पेटींतील आपोआप वाजणारा ठेका. दुकानदार प्रथम तोच वाजवून दाखवितो. एक बटन दाबलें कीं तबला, ढोलकी, झांजा, सारा ताफा सुरू! भारतासाठीं म्हणून मुद्दाम काढलेल्या नमुन्यांत आपले देशी ताल आणि देशी वाद्यांचे आवाजहि असतात. एकट्यानें सराव करणाऱ्या मुलाला लय सांभाळण्याची संवय लावण्यास ह्याचा उपयोग आहे, हें मी नाकारीत नाहीं.

परंतु आमच्याकडील भजनाचा अनुभव पाहा. अभंग विलंबित लयींत उठतो. हळूहळू टाळकऱ्यांचे हात तापतात, मृदंगाची लय वाढत जाते, आणि गजराच्या वेळीं ती दुपटीवर पोंचलेली असते. ही वाढ कोणी आज्ञा देऊन करीत नाहीं. दहा माणसांच्या श्वासांतून ती आपोआप होते. यंत्राचा ठेका मात्र पहिल्या मात्रेला होता तसाच शेवटच्या मात्रेला राहतो. मग एक तर भजनी मंडळी यंत्राच्या चालीनें चालूं लागतात आणि गजर थंड पडतो, नाहीं तर यंत्र एकीकडे आणि टाळ दुसरीकडे अशी ओढाताण होते. ह्याहूनहि मोठी हानि पुढें आहे. आमच्या तालुक्यांतील कित्येक वाड्यांत वर्षाचे दहा महिने घरांना कुलुपें असतात; गणपतीला माणसें येतात तेव्हां मृदंगावर बसणारा एकच म्हातारा असतो, आणि त्याच्या शेजारीं बसून शिकणारा पोर असला तर असतो. बटनानें ठेका मिळूं लागला कीं त्या पोराला कोणी ‘बस, हात लाव’ असें म्हणत नाहीं. एक वर्ष यंत्रानें वेळ निभावून नेली तर तिसऱ्या वर्षीं मृदंग खुंटीवरून खालीं येत नाहीं. पेटी घरांत आली म्हणून घरांतील एक वाजविणारा हात रिकामा होणार असेल, तर ती पेटी स्वस्तांत मिळाली तरी महागच पडली. म्हणून माझी विनंति अशी: सरावाला ठेका वापरा; चार माणसें जमलीं कीं तें बटन बंद ठेवा, आणि ठेका माणसाच्या हातांनीं धरूं द्या.

कांहीं गोष्टी व्यवहाराच्या. आमच्या किनाऱ्यावर विजेचा भरंवसा नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्याला लागलें, तेव्हां ह्या भागांतील कित्येक गांवें बरेच दिवस अंधारांत होतीं. तसा प्रसंग रोज येत नाहीं; पण पावसाळ्यांत तासन् तास वीज जाणें नित्याचें आहे. म्हणून कोंकणांतील घरानें सेलवर चालणारीच पेटी घ्यावी. लहान पेट्यांना बहुधा चार किंवा सहा पेन्सिल सेल लागतात. पुन्हां भरतां येणारे सेल साडेबारा आणे कामाचे नसून पूर्ण चालतील कीं नाहीं, हें पेटीसोबतच्या पुस्तिकेंत पाहावें. कारण साधा सेल दीड व्होल्टचा, तर भरावयाचा सेल सव्वा व्होल्टच्या आसपासचा असतो. पेटी महिनाभर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावे; ते आंत पाझरले कीं तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकतात. विजेचा जोड ज्या त्या पेटीचाच वापरावा. एका कंपनीच्या पेट्या साडेनऊ व्होल्टवर तर दुसरीच्या बारा व्होल्टवर चालतात. घरांत पडलेला दुसरा कोणता तरी जोड लावून पाहण्याचा मोह महागांत पडतो.

दुसरा शत्रु ओलावा. खाऱ्या, दमट हवेनें हातपेटीचे स्वर गंजतात, भाता सैल पडतो. विजेच्या पेटींत स्वरपट्ट्यांखालचे संपर्क बिघडतात आणि मधलाच एखादा स्वर मुका होतो. पेटी भिंतीला टेकून ठेवूं नये, कोरड्या सुती कापडांत गुंडाळावी, आणि मुख्य म्हणजे रोज वाजवावी. रोज वापरांतलें वाद्य घरांतल्या माणसासारखें सांभाळलें जातें. घेतांनाच दुरुस्तीची चौकशी करावी. आम्हांला माणगांवला जाऊन गाडी धरून मुंबईंत धोबीतलाव गांठावा लागतो. अशा माणसानें अप्रसिद्ध नांवाची स्वस्त पेटी घेऊन दोन वेळांच्या प्रवासखर्चांत तिची किंमत घालविण्यांत अर्थ नाहीं.

कर्ण्याची शक्तिहि विचारांत घ्यावी. लहान पेटींतील कर्णे एक-दोन वॅटचे असतात. खोलींतल्या सरावाला ते पुरतात. आरतीच्या वेळीं झांजांच्या गजरांत ते ऐकूं येणार नाहींत. निराळ्या ध्वनिवर्धकाला जोडण्याचें छिद्र असेल तर ही अडचण सुटते. आणि कानाला लावून ऐकण्याची सोय असली म्हणजे रात्रीं शेजाऱ्यांची झोंप शाबूत राहते.

तेव्हां कोणी कोणती घ्यावी? लहान मुलाचा कल अजून कळावयाचा असेल तर ३२ ते ४४ स्वरपट्ट्यांची लहान, स्वस्त पेटी घ्यावी. दीड-दोन वर्षें मूल टिकलें तर पूर्ण मापाची, बोटाचा जोर ओळखणारी ६१ स्वरपट्ट्यांची घ्यावी, आणि लहान पेटी शेजारच्या मुलाला द्यावी. ज्या घरांत भजन हेंच मुख्य, आणि जुनी हातपेटी दुरुस्त होण्यासारखी आहे, त्यानें प्रथम ती दुरुस्त करावी. भात्याचा श्वास अजून कोणत्याहि स्वस्त यंत्राला आलेला नाहीं. ज्या घरांत भिन्न पट्टींचे गळे आहेत आणि वाजविणारा नवशिका आहे, तेथें विजेची पेटी अधिक उपकारक. आणि ज्या तरुणाला नवे ध्वनि घडवावयाचे आहेत, त्याला कळांचा खरा सिंथेसायझर द्यावा. त्याला लहान मुलांचें खेळणें देऊन नाउमेद करूं नये.

शेवटीं एकच सांगणें. दुकानांत जातांना घरांत जो गातो त्याला बरोबर न्यावें, मग ती आजी असो कीं सात वर्षांची नात. तिला आपल्या मोकळ्या गळ्यानें एखादें ओळखीचें गाणें म्हणूं द्यावें, आणि मग पेटीची पट्टी तिच्या गळ्याला लावून पाहावी. लोकलज्जेस्तव ती गात नसेल तर तिची पट्टी घरींच काढून कागदावर लिहून न्यावी. पेटी जर त्या गळ्यापाशीं सहज पोंचली, तर ती आपली. नाहीं तर तिच्यांत हजार आवाज असले तरी तिला फळीवरच राहूं द्यावें. ‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपण नेहमीं नाचणाऱ्याला लावतों. पण अंगण निवडणें आपल्या हातीं असतांना तें वांकडें कां निवडावें?